पाठीतली सुई आणि सोबतीचं औषध

गेल्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही विहारात सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात कराडकडच्या एका वस्तीतली ताई पिशवीतून चार पानी कागद काढून माझ्यासमोर उभी राहिली. वय बेचाळीस. दोन वर्षं अंगावरून जास्त जातंय, दोनदा रक्त चढवलंय, सोनोग्राफीत गर्भपिशवीला मोठ्या गाठी निघाल्यात. एका मोठ्या रुग्णालयात पिशवी काढायची तारीख मिळाली होती आणि त्या तारखेबरोबर हे कागद.

"सिस्टर, हितं अंगठा द्या म्हनत्यात. ऑपरेशनच्या कागदावर दिला म्या. पन ह्यो दुसरा कागद कशाचा, ते नीट कुनी सांगितलं न्हाई. आमच्यावर प्रयोग हाय का काय?"

मी चष्मा लावून वाचायला बसले. बघता बघता सात-आठ बायका भोवती जमल्या. कारण आपल्या वस्तीत अशी बाई शोधून सापडणार नाही, जिच्या घरात कुणाला तरी पाठीत सुई देऊन ऑपरेशन झालेलं नाही. सिझर म्हणा, पिशवी म्हणा, अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन म्हणा. आणि त्या सुईबद्दल प्रत्येकीच्या मनात एक तरी भीती असतेच. म्हणून त्या दिवशी जे बोलणं झालं, ते या वेळच्या आरोग्य पानावर देते आहे.

आधी एक गोष्ट. भुलीचा विचार नंतर, ऑपरेशन खरंच लागतंय का हा विचार पहिला. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी शासनाच्या समितीने केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी आधीच काढलेली निघाली. त्याच बायका दर हंगामात आपल्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येतात, आपल्या शेजारी कोपी टाकून राहतात. पांढरं जातं, पोट दुखतं एवढ्यावर कुणी पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. या ताईचं तसं नव्हतं. गोळ्या घेऊन झाल्या होत्या, दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, हिमोग्लोबिन सात-आठच्या वर चढत नव्हतं. तेव्हा पुढचं बोलू.

कागदावर लिहिलं होतं की मणक्यातल्या भुलीच्या औषधात दोन वेगवेगळी औषधं मिसळून त्यांची तुलना करायची आहे. डॉक्टर लोक मिसळायच्या या औषधाला ॲडजुव्हंट म्हणतात. मी बायकांना सांगितलं, याला आपण सोबतीचं औषध म्हणू. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक माणूस नसतो, जोडी असते. एकजण तोडतो, दुसरा मोळी बांधतो. एकट्याने फड उरकत नाही असं नाही, पण दमतो लवकर. भुलीच्या औषधाचंही तसंच आहे.

मुख्य औषध म्हणजे बुपिव्हाकेन. आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो, त्याच्याभोवती पाणी असतं. कमरेच्या खालच्या भागात बारीक सुईने त्या पाण्यात दोन-तीन मिलिलिटर औषध सोडलं की पाच-दहा मिनिटांत पाय जड होतात आणि पोटापर्यंतचा भाग बधिर होतो. बाई जागी राहते, श्वास स्वतः घेते. दोन-तीन तासांनी औषध उतरायला लागतं. पाय हलायला लागतात, सगळे म्हणतात "झालं, शुद्धीवर आली". आणि तिथून त्या बाईची रात्र सुरू होते.

त्या रात्रीबद्दल मला एक कबूल करायचं आहे. जी.एन.एम. करून मी नोकरीला लागले तेव्हा विशीत होते. कुठल्या दवाखान्यात ते सांगत नाही. स्त्रियांचा वॉर्ड, रात्रपाळी, तीस खाटांना मी एकटी. पिशवी काढलेली एक मावशी रात्री दहापासून विव्हळत होती. तिला संध्याकाळचं इंजेक्शन देऊन झालं होतं, पुढचं सकाळी लिहिलेलं होतं. डॉक्टरांना फोन केला तर ओरडतील, या धाकाने मी फोन केला नाही. वर तिलाच म्हणाले, "मावशी, सहन करा जरा, बाळंतपणं काढलीत ना तीन?" शेजारी उभी असलेली एक ज्येष्ठ बाई म्हणाली, "ह्या वस्तीतल्या बायका. यांना सवय असते." मी गप्प बसले. मी स्वतः त्याच वस्तीतली, तरी गप्प बसले. मावशी पहाटेपर्यंत खाटेचा गज धरून होती. खोकला आला तरी दाबत होती, कारण खोकलं की टाके ओढायचे. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीत कफ भरला आणि ताप आला.

ऑपरेशननंतरचं दुखणं नुसतं सोसायचं नसतं, याला शरीराचंच कारण आहे. दुखतंय म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग फुप्फुसात कफ साठतो. दुखतंय म्हणून उठून चालत नाही, मग पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. झोप नाही, भूक नाही, नाडी आणि बीपी चढलेलं. बरं व्हायला उशीर लागतो आणि आपल्याकडे उशीर म्हणजे बुडालेली मजुरी.

सोबतीचं औषध इथे कामाला येतं. फेंटानिल नावाचं औषध २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, त्याच सिरिंजमध्ये मिसळतात. वेगळी सुई नाही, वेगळी टोचणी नाही. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग. एवढ्याशा औषधाने ऑपरेशन चालू असताना पोटात आतून ओढल्यासारखं, मळमळल्यासारखं होतं ते कमी होतं आणि भूल उतरल्यावरही आणखी काही तास दुखणं दबून राहतं. मॉर्फिन १०० ते १५० मायक्रोग्रॅम घातलं तर त्याचा आराम जवळजवळ पूर्ण दिवस टिकू शकतो. दुसऱ्या जातीची औषधं म्हणजे क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन. ही अफूच्या कुळातली नाहीत. डेक्समेडेटोमिडिन पाचच मायक्रोग्रॅम घालतात, त्याने बधिरपणा आणि आराम दोन्ही लांबतात. सोबत असली की काही वेळा मुख्य औषधही थोडं कमी लागतं आणि बीपी एकदम खाली जाण्याची भीती कमी होते.

ही कल्पना काही काल निघालेली नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं इस्पितळ उभं केलं, तेव्हा पाठीतली भूल जगात कुठेच रुजलेली नव्हती. सगळं ईथर नाहीतर क्लोरोफॉर्म हुंगवून. पुढे चार वर्षांनी, १८९८ साली, जर्मनीतल्या कील गावात ऑगस्ट बिअर या सर्जनने पाठीतल्या पाण्यात कोकेन सोडून पायाचं ऑपरेशन केलं. मग स्वतःवर आणि आपल्या सहायकावर करून पाहिलं. सहायकाच्या नडगीवर हातोडीने मारलं, चटका दिला, त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघेही डोकं धरून बसले. बिअर तर कितीतरी दिवस आडवाच होता. ही डोकेदुखी का होते ते पुढे सांगते. सोबतीच्या औषधाची खरी वाट १९७९ साली मोकळी झाली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णांच्या पाठीत अगदी थोडं मॉर्फिन दिलं आणि त्यांचं दुखणं कितीतरी तास थांबलं. मज्जारज्जूवरच दुखण्याची वार्ता अडवता येते, हे तेव्हा माणसात दिसलं.

"मग सगळ्यांनाच का देत न्हाईत?" एका आजीने बरोबर जागी बोट ठेवलं.

अनेक ठिकाणी देतात. पण सगळीकडे नाही. मॉर्फिन आणि फेंटानिल ही अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. १९८५ च्या त्या कायद्यामुळे परवाने इतके किचकट झाले होते की कर्करोगाच्या रुग्णांनासुद्धा मॉर्फिन मिळेना. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, या औषधांना अत्यावश्यक म्हटलं गेलं आणि देशभर एकच नियम आले. तरी मान्यता घ्या, कपाटाला कुलूप ठेवा, एकेका ॲम्प्युलची नोंद ठेवा, हे सगळं करावं लागतंच. आणि करावंच, कारण ही औषधं चुकीच्या हातात पडली तर जीव घेतात. पण ज्या लहान दवाखान्यांना हा व्याप नको असतो, ते ही औषधं ठेवतच नाहीत. तिथे क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन वापरता येतं. दुसरं कारण आहे लक्ष ठेवायला माणूस. पाठीत मॉर्फिन दिलेल्या बाईचा श्वास पुढच्या काही तासांतही मंद होऊ शकतो, म्हणून चोवीस तास दर थोड्या वेळाने श्वास मोजावा लागतो. तीस खाटांना एक सिस्टर असेल तिथे भूलतज्ज्ञ मॉर्फिन देत नाही, आणि ते त्याचं शहाणपण आहे.

सोबतीचं औषध म्हणजे काही अमृत नाही, त्याचे त्रास आधी माहीत असलेले बरे. फेंटानिल-मॉर्फिनने अंगाला खाज येते, विशेषतः नाकाला आणि तोंडाला. घाबरायचं कारण नसतं, पण सिस्टरला सांगा. मळमळ होते. लघवी अडकू शकते, म्हणून नळी असतेच. बाई जास्त गुंगीत वाटली, हाक मारल्यावर उठत नसेल, श्वास खूप हळू चालला असेल, तर सोबतच्या माणसाने "झोपलीय, झोपू दे" म्हणून बसू नये. लगेच सिस्टरला बोलवावं. क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिनने बीपी आणि नाडी दोन्ही खाली येऊ शकतात, गुंगी येते आणि पाय उशिरा हलतात. पाय हलायला उशीर झाला म्हणून त्या ताईच्या सासूसारखा "अर्धांग झालं" असा कालवा करू नका. पण डॉक्टरांनी सांगितलेली वेळ उलटून गेली तर विचारा, नुसतं बघत राहू नका.

आणखी एक खरं सांगायला हवं. डेक्समेडेटोमिडिन हे मुळात शिरेतून देऊन रुग्णाला शांत झोपवण्यासाठी मान्यता मिळालेलं औषध आहे. पाठीत ते अभ्यासांच्या आधारावर वापरतात. म्हणूनच त्याच्यावर इतके अभ्यास चालू असतात आणि म्हणूनच त्या ताईच्या हातात तो कागद होता.

भुलीआधी भूलतज्ज्ञ तुम्हाला तपासायला येतो, तेव्हा लाजू नका. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी, दमा, झोपेत मोठ्याने घोरणं, आधीच्या ऑपरेशनला झालेला त्रास, मिश्री-तंबाखू, सगळं सांगा. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा. रक्त पातळ करायची गोळी लपवली तर पाठीत सुई गेल्यावर आत रक्त साठू शकतं, ते फार महागात पडतं. विचारायचं ते याच वेळी विचारा: "डॉक्टर, भूल उतरल्यावर दुखू नये म्हणून तुम्ही काय देणार आहात? पाठीतल्या औषधात काही मिसळणार आहात का?" एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. उत्तर "नाही" आलं तरी चालेल, कारण शिरेतून पॅरासिटामॉल आणि दुखण्याची दुसरी इंजेक्शनं ठरल्या वेळेला देऊनही आराम मिळतो. ती ठरल्या वेळेला मिळतात का, एवढं बघा. दुखायला लागल्यावर मागायची नसतात, आधीच द्यायची असतात.

आता कमरेचं. "पाठीत सुई दिली की कंबर कायमची जाते" हे वाक्य मी साताऱ्यात ऐकलंय, विट्यात ऐकलंय, जतमध्ये ऐकलंय. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली देतात. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकते. वर्षानुवर्षं दुखणारी कंबर मात्र त्या सुईची नसते. ती असते डोक्यावरच्या मोळीची, वाकून केलेल्या भांगलणीची, बाळंतपणात आणि नंतर न मिळालेल्या विश्रांतीची. सुईवर खापर फोडलं की बाकीच्या गोष्टींबद्दल कुणाला बोलावं लागत नाही, असं मला कधी कधी वाटतं.

डोकेदुखी मात्र खरी असू शकते. सुईच्या भोकातून पाठीतलं पाणी थोडं झिरपत राहिलं की उठून बसल्यावर डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं. बिअरला तेच झालं होतं. आता २५, २६, २७ नंबरच्या केसासारख्या सुया आल्यात, त्यामुळे प्रमाण पुष्कळ कमी झालंय. तरी झालीच तर "होतंच असं" म्हणून घरी कुढत बसू नका, रुग्णालयात परत जा. पाणी, चहा-कॉफी, गोळ्यांनी बहुतेक वेळा भागतं, आणि नाही भागलं तर भूलतज्ज्ञाकडे त्यावर पुढचा उपाय असतो.

आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच मुली आता नर्सिंगला आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. डेक्समेडेटोमिडिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं आणि पाठीत लागतं पाच. नीट पातळ न करता अंदाजाने ओढलं तर डोस कुठल्या कुठे जातो. पाठीत द्यायचं औषध टिकाऊपणासाठी रसायन न घातलेलं असावं लागतं. आणि ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, जे आपण रक्तस्राव थांबवायला रोज हाताळतो, त्याचं ॲम्प्युल काही कंपन्यांचं अगदी बुपिव्हाकेनसारखं दिसतं. ते चुकून पाठीत गेल्याने जगभरात बायका दगावल्या आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल इशारा दिला होता. दोन्ही एका ट्रेमध्ये ठेवू नका. ॲम्प्युलवरचं नाव मोठ्याने वाचा, भूलतज्ज्ञालाही वाचायला लावा. तो चिडला तर चिडू दे.

पुन्हा त्या कागदाकडे येते. आपल्या दोन जिल्ह्यांत कराड, मिरज, सांगली आणि आता सातारा, इतक्या ठिकाणी डॉक्टर घडवणारी महाविद्यालयं आहेत. एम.डी. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. भूलशास्त्रात हा सोबतीच्या औषधांच्या तुलनेचा विषय देशभर फार चालतो. त्यात वाईट काही नाही. अशा अभ्यासांतूनच कुठलं औषध किती द्यायचं ते कळलं. प्रश्न एवढाच की अशा अभ्यासात येणाऱ्या बायका बहुतेक कोण असतात? स्वस्तात किंवा फुकट उपचार घ्यायला आलेल्या. आणि "फुकट मिळतंय, आता नाही कसं म्हणायचं" म्हणून अंगठा देणाऱ्या.

नाही म्हणता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अभ्यासात भाग घ्यायचा की नाही हे रुग्णाने ठरवायचं. नकार दिला तरी ऑपरेशन आणि उपचार तसेच मिळाले पाहिजेत. होकार देऊन नंतर मागे फिरता येतं. माहिती रुग्णाच्या भाषेत द्यायची आणि त्या माहितीची प्रत तिच्या हातात द्यायची. जिला वाचता येत नाही तिच्या अंगठ्याच्या वेळी, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. ऑपरेशनचं संमतीपत्र वेगळं आणि अभ्यासाचं वेगळं, एकावर दिलेली सही दुसऱ्याला लागू होत नाही.

मी ताईच्या कागदात पहिल्यांदा हेच शोधलं की एका गटाला नुसतं बुपिव्हाकेन आणि वर काहीच नाही, असं तर नाही ना. तसं नव्हतं. एका गटाला फेंटानिल, दुसऱ्याला डेक्समेडेटोमिडिन, आणि दुखलं तर दोघींनाही वरून औषध देणार, असं स्पष्ट लिहिलं होतं. कोण कुठल्या गटात ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. शेवटच्या पानावर नीतिविषयक समितीचा फोन नंबर होता. कागद चांगला होता, पण तो कुणी तिला वाचून दाखवला नव्हता.

ताई मंगळवारी पुन्हा गेली, पोरीला बरोबर घेऊन. तिने डॉक्टरीणबाईंना समोर बसवून सगळं विचारलं. दुखलं तर काय देणार, नको म्हटलं तर तारीख पुढे ढकलणार का, इजा झाली तर कोण बघणार. तरुण डॉक्टरीणबाई आधी गडबडली, मग खुर्ची ओढून वीस मिनिटं बोलली म्हणे. ताईने अंगठा दिला नाही. दुसरीपर्यंत शिकलेली आहे ती. तिने वेळ घेऊन नाव लिहिलं.

ऑपरेशनला आता बारा दिवस झाले. परवा बघायला गेले तर ओट्यावर बसून चहा पीत होती. जड उचलायचं नाही हे पोरीने घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलंय. दुखलं का विचारलं तर म्हणाली, "राती अकरापर्यंत कायच न्हाई. मग जरा ठणकलं, तर सिस्टरनी सलाईनमधनं दिलं कायतरी. पन सिस्टर, नाक लई खाजत हुतं ओ रातभर."

म्हटलं, मग बहुतेक फेंटानिलच्या गटात असशील. खात्रीने आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. अभ्यास संपल्यावरच त्या चिठ्ठ्या उघडतील.